पांढरं मऊ कापड

"बाई, तुम्ही हिला नक्की काय देता?"

पुण्याच्या डॉक्टर केळुसकरांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. गार्गी माझ्या मांडीवरून पुढे झुकून त्यांच्या टेबलावरचं पेपरवेट ओढत होती. चौदा महिन्यांची होती ती.

"बाळगुटी," मी म्हणाले. "मऊ भात, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व. गाईचं दूध."

"औषध?"

"ताप आला तर तापाचं. तेवढंच."

"अंगाला काय लावता?"

"तेल. अंघोळीनंतर पावडर."

"मलम? कुणी दिलेलं, पुरळ आलं म्हणून, गोरी व्हावी म्हणून?"

"नाही हो."

माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, हे मला दिसत होतं. त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला आणि पेनाने एका आकड्याखाली रेघ ओढली.

"शरीराला लागणारं हे स्टेरॉइड बाळ स्वतः बनवतं. हिचं शरीर जवळजवळ बनवतच नाहीये, कारण तिला बाहेरून आयतं मिळतंय. रोज, आणि बरेच दिवस. हा गोल चेहरा, पाठीवरची ही लव, वजन वाढतंय पण उंची जागच्या जागी." त्यांनी गार्गीच्या गालाला बोट लावलं. "हे बाळसं नाही."

हे मला कुणीतरी म्हणावं म्हणून मी दोन महिने दारोदार फिरत होते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मी दर महिन्याला पेन्सिलने तिच्या उंचीची खूण करत असे. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चची खूण एकच होती. पण गावातल्या डॉक्टरांपासून शेजारणींपर्यंत सगळे हसायचे. आणि आता म्हणणारं कुणी भेटलं, तर मी गार्गीच्या मुठीतलं पेपरवेट काढून जागेवर ठेवलं.

"कऱ्हाडला आईकडे गेलात आणि चौथ्या दिवशी ही गळून पडली. उलट्या, अंग थंड. बरोबर?"

"हो. तिथल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, कसलंसं इंजेक्शन दिलं. तासाभरात डोळे उघडले."

"ते इंजेक्शन स्टेरॉइडचंच होतं. म्हणून वाचली. जे काही तिला घरी मिळतंय, ते त्या चार दिवसांत मिळालं नाही. काय बंद होतं ते शोधा. तोवर पावडर, तेल, गुटी सगळं थांबवा. मी हे थेंब लिहून देते, त्यांचा डोस महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू उतरवायचा. थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. सवय झालेल्या शरीराचं हे एकदम तोडलं तर..." त्यांनी नंबर लिहिलेला कागद फाडून माझ्या हातात दिला. "सापडलं की कधीही फोन करा."

तो मंगळवार होता.

आमचं घर एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या कॉलनीत होतं. तिथले निम्मे पुरुष औषधाच्या एकाच कंपनीत कामाला. माझे यजमान जालिंदर कंत्राटी ऑपरेटर होते, सहा वर्षं झाली होती. कायम करायची यादी एप्रिलअखेरीला लागणार होती आणि यादीवर सही करणारे नलवडे साहेब आमच्याच मजल्यावर राहात. शिफ्ट इन्चार्ज. त्यांची बायको म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकू. त्यांची लेक पल्लवी बाळंतपणाला आली होती. नातू झाला होता, आणि सव्वा महिन्याने, म्हणजे येत्या रविवारी, त्याचं बारसं होतं.

रात्री जेवताना मी जालिंदरांना विचारलं, "तुमच्या डिपार्टमेंटला सध्या काय बनतं?"

"नंबर बनतात," ते हसले. "आम्हाला नाव कुठं सांगतात? दिवाळीपर्यंत कॅल्शियम होतं. आता तीन नंबरला टाकलंय."

"तीन नंबरला काय?"

"दम्याच्या गोळ्या म्हणतात." मग त्यांच्या ध्यानात आलं, दम्याच्या गोळ्यांत स्टेरॉइडच असतं. ताटावरचा हात थांबला. "वृंदा, मी तिथं अंघोळ करून येतो. तिथले कपडे तिथंच राहतात. चप्पलसुद्धा वेगळी. तुला काय म्हणायचंय, मी आणतोय घरी?"

"मी काही म्हणत नाहीये. मी विचारतेय."

"हेच डॉक्टरला सांगितलंस का? कंपनीचं नाव घेतलंस?"

"नाही."

"नको घेऊ. वीस दिवस राहिलेत यादीला."

ते खरंच सांगत होते. घरी येताना त्यांच्या केसांना कंपनीच्या साबणाचा वास यायचा. म्हणून मग माझा सगळा संशय बाळगुटीवर गेला. कऱ्हाडला मी गुटीचा डबा विसरले होते. चार दिवस ती बंदच होती. आणि तो डबा मला काकूंनी दिला होता. कुणा वैद्याकडून आणलेला, मुरूडशेंग, वेखंड, जायफळ आणि वर एका पुडीत काहीतरी राखाडी चूर्ण.

शनिवारी सकाळी काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या. खाली अंथरलेलं पांढरं कापड चारी कोपऱ्यांना विटांनी दाबलेलं. मी डबा समोर धरला.

"काकू, या पुडीत काय आहे?"

"का गं?"

"गार्गीच्या रक्तात औषध सापडलंय. कुणीतरी चूर्णात मिसळत असतील. वैद्याचं नाव सांगा, मला विचारायचंय."

काकूंनी सोऱ्या खाली ठेवला. "म्हणजे मी इख दिलं म्हण की तुझ्या लेकीला."

"तसं नाही—"

"चार लेकरं वाढवली मी ह्या गुटीवर. पल्लवी तुझ्यासमोर आहे, बघ जा तिच्याकडं. अगं, लोकांच्या पोरांच्या बरगड्या मोजता येत्यात म्हणून आया रडत्यात. तुझी गुबगुबीत झाली तर तुला दुखतंय! शिकून शिकून डोकं फिरलंय तुझं." आणि मी वळले तशी मागून, "उद्या बारशाला ये हं. का आमच्या घुगऱ्यांत पण काय सापडंल?"

शेजारी कुरडया घालणाऱ्या दोघी हसल्या. मी डबा घेऊन खाली आले. खाली येताना मला एकच वाटत होतं, की आपल्याला सापडलं.

रविवारी सकाळी जालिंदर नलवड्यांच्या दाराला तोरण बांधायला गेले होते. मी गार्गीचं अंथरूण उन्हात काढलं. तिची गोधडी मी स्वतः शिवली होती, दिवाळीनंतर, थंडी पडायच्या आत. वर माझ्या आजीचं विटकं इंदुरी लुगडं आणि आत मऊ थर. दुपटी आणि गोधड्या वापरून मऊ झालेल्या जुन्या कापडाच्याच करायच्या. नवं कापड बाळाला टोचतं. गार्गीला तिच्याशिवाय झोप यायची नाही. एक कोपरा तोंडात धरून चोखत पडायची. कऱ्हाडला जायच्या आदल्या दिवशी मी ती धुतली आणि जाड म्हणून वाळली नाही, तेव्हा ओलीच दोरीवर ठेवून गेले होते. तिथे रात्री ती गोधडीसाठीच रडली होती.

मी गोधडी गॅलरीच्या कठड्यावर टाकली आणि लाटण्याने झोडली. दुसऱ्या फटक्याला उन्हाच्या तिरिपेत पांढरा धूर उठला. बारीक, अगदी बारीक. कठड्याखाली जालिंदरांचे काळे बूट पॉलिश करून ठेवले होते, त्यांच्यावर जाऊन बसला.

किती पावडर लावते मी हिला, असं मनात आलं.

आणि हात तसाच वर राहिला. पावडर मी मंगळवारपासून बंद केली होती. मग हे काय होतं? आणि तेही धुतलेल्या गोधडीतून?

मी घरात आले. दार लावलं. गार्गीला दुसऱ्या खोलीत पाळण्यात ठेवलं. कात्री सापडेना म्हणून ब्लेड घेतलं आणि गोधडीची एक बाजू उसवली. आतला थर बाहेर ओढला. पांढरं, मऊ, रेशमासारखं कापड. त्याच्या जुन्या शिवणीत बोट घातलं तर नखात पांढरं भरून आलं.

कॉलनीत असं घर नव्हतं ज्यात ते कापड नव्हतं. गोळ्यांची पावडर वाळवायच्या मशीनच्या आत लांबलचक कापडी पिशव्या लावतात. गरम हवा कापडातून निघून जाते, पावडर अडकून राहते. काही महिन्यांनी पिशव्या बदलायच्या आणि जुन्या जाळायच्या, असा नियम. पण एवढं चांगलं कापड जाळायला कुणाचा हात होणार? वर्षानुवर्षं माणसं ते घरी आणत होती. भंगाराचा गेटपास दाखवला की गेटवर कुणी अडवत नव्हतं. त्याच्या उशांचे अभ्रे होत, पीठ चाळून ठेवायची फडकी होत, परकर होत. कॅल्शियमच्या पिशव्या होत्या त्या. कुणाला काही झालं नव्हतं.

माझी गोधडी दिवाळीनंतरची होती.

मी जालिंदरांकडे हट्ट धरला होता. या वेळी दोन-तीन जास्त आणा, गार्गीला गोधडी करते. त्यांनी आणल्या. पांढऱ्याशुभ्र होत्या. आत तर घालायच्या, कशाला धुवायच्या, असं म्हणून मी त्या तशाच घातल्या. मी, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली.

जालिंदर आले तेव्हा मी जमिनीवर उसवलेल्या गोधडीसमोर बसले होते. त्यांनी पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरला.

"शिवायच्या आधी धुतल्या होत्यास ना?"

"वरचं लुगडं धुतलं होतं."

ते भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "दुसरी कुठंय?"

तेच मी इतका वेळ मनात येऊ देत नव्हते. उरलेल्या पिशव्यांची मी दुसरी गोधडी केली होती. पल्लवीच्या बाळासाठी. आधी दिली होती, बाळ जन्मायच्या पंधरा दिवस अगोदर, काकूंच्या हातात.

"आपण दुसरी नेऊ," जालिंदर घाईघाईने बोलायला लागले. "आहे ना तुझ्याकडे आईने दिलेली, ती नवी. बारशाची भेट म्हणून द्यायची. ही जुनी झाली, आण धुऊन देते, म्हणून उचलायची. कुणाला काही कळायचं कारण नाही. बाळापासून वस्तू लांब झाली म्हणजे झालं ना?"

"आणि गार्गीचं काय झालं कऱ्हाडला?"

"ती... तिला वर्षाची सवय होती."

"पाच महिन्यांची."

मी फोन लावला. डॉक्टर केळुसकरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एकदाच मधे विचारलं, "ते बाळ किती दिवसांचं?"

"सव्वा महिन्याचं. पहिल्या दिवसापासून त्यावरच झोपतं."

"चेहरा कसा आहे?"

"सगळे म्हणतात, गुटगुटीत आहे."

"मग नुसती काढून घेऊ नका. काढा, पण बाळाला घेऊन आजच्या आज माझ्याकडे या. तुमची मुलगी चार दिवस टिकली. एवढंसं बाळ किती टिकेल, मी सांगू शकत नाही. आणि घरच्यांना कारण माहीत नसलं, तर ते उलट्यांचं औषध देत बसतील."

फोनचा आवाज मोठा होता. जालिंदरांनी सगळं ऐकलं होतं.

"वृंदा," ते म्हणाले. "पिशव्या गेटबाहेर आणल्या म्हणून माझं काम जाईल. आणि गेटपासवर सही साहेबांची आहे. त्यांचंही जाईल. ते मला सोडणार नाहीत."

"माहीत आहे."

"संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर सांगू. साहेबांना एकट्याला गाठून."

"पाहुणे गेल्यावर पल्लवी सासरी निघणार आहे. सोलापूरला. काकूंनीच परवा सांगितलं, बारसं झालं की जावई गाडी घेऊन थांबलेत."

मी साडी बदलली. गार्गीला थेंब पाजून जालिंदरांकडे दिलं.

नलवड्यांचं घर बायकांनी भरलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, वर फिरणारा चांदवा, खाली समया. घुगऱ्यांचा वास. मी आत गेले तशा बायका थोड्या गप्प झाल्या; कालची गच्ची सगळीकडे पोचली होती. काकूंनी मला कुंकू लावलं, पण डोळ्यांत पाहिलं नाही.

"आलीस? बस. गुटीचा वास घे हवं तर आधी."

पल्लवी मात्र हसली. "वहिनी, बघा ना तुमच्या गोधडीशिवाय झोपतच नाही हा. सासूबाई म्हणाल्या, सोलापूरला हीच घेऊन ये."

बाळ तिच्या मांडीवर होतं, गोधडीत गुंडाळलेलं. मी पाहिलं. गाल हनुवटीपर्यंत उतरलेले, डोळे बारीक झालेले. कपाळावर काळी लव. मला गार्गीचा जानेवारीतला फोटो दिसत होता.

बायकांनी बाळ पाळण्याच्या वरून-खालून द्यायला घेतलं. "गोविंद घ्या कुणी, गोपाळ घ्या कुणी." एकीच्या हातून दुसरीच्या हाती. तिसऱ्यांदा ते पाळण्याखालून माझ्या बाजूला आलं. मी हात पुढे केले आणि घेतलं. पण पुढे दिलं नाही.

"द्या की ओ," पलीकडची म्हणाली.

"पल्लवी," मी म्हणाले. "याला आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला लागेल. गार्गीला जे झालंय, ते याला झालंय. मी दिलंय. या गोधडीतून."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"काय बोलतीयास?" काकू पुढे आल्या. "माझ्या घरात, बारशाच्या पाळण्यापाशी? काल गुटी झाली, आज गोधडी? दे इकडं माझं लेकरू!"

"देते काकू. पण गोधडी नाही देणार." मी बाळ छातीशी धरून एका हाताने गोधडी ओढली, ती सुटली आणि समईच्या उजेडात पांढरं उडालं. "आतल्या पिशव्या तीन नंबरच्या आहेत. दिवाळीनंतरच्या. मी न धुता शिवल्या. यात स्टेरॉइड आहे. आणि नुसती गोधडी टाकून दिलीत तर बाळ गळून पडेल. तुम्ही सोलापूरला पोचाल आणि तिथं कुणाला कळणार नाही का ते."

पल्लवी उठून उभी राहिली होती. तिने आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. बाळाच्या कपाळावरची लव ती बोटाने मागे सारत होती, पुन्हा पुन्हा, जणू पहिल्यांदाच पाहात असल्यासारखी. "दूध पीत नाही कालपासून नीट," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली.

आवाज ऐकून नलवडे साहेब आत आले. मागे दारात गार्गीला कडेवर घेतलेले जालिंदर. साहेबांनी जमिनीवरची गोधडी पाहिली, उकिडवे बसले, उसवायची गरजच नव्हती त्यांना. शिवणीवरून अंगठा फिरवला आणि थांबले. वीस वर्षं ते हे कापड हाताळत होते.

"कोणी आणल्या?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

खोलीत तीस बायका होत्या. तिथल्या निम्म्यांच्या घरात ते कापड होतं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी दारातून आवाज आला.

"मी, साहेब. मीच आणल्या. हिला माहीत नव्हतं तीन नंबर काय असतं ते." "पाससुद्धा माझ्याच नावचा होता."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उभे राहिले आणि जावयाला हाक मारली, "गाडी वळवून घ्या. दारात."

काकू पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. "अहो, नाव तरी ठेवू द्या. कानात सांगू द्या आत्याला. बिननावाचं कुठं नेता लेकराला?"

पण गाडी लागली होती. पल्लवी आधी चढली. बाळ माझ्याच हातात होतं. तिने आतून दोन्ही हात पुढे केले.

"द्या," ती म्हणाली.

पुण्यात केसपेपरवर लिहिलं गेलं, 'पल्लवीचं बाळ'. डॉक्टर केळुसकरांनी रक्त घेतलं, पहिलं इंजेक्शन दिलं आणि पुढचा एक तास त्या त्याच्या जवळून हलल्या नाहीत. मी बाकावर गार्गीला घेऊन बसले होते. पहाटे त्या बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. "वेळेत आणलंत," एवढंच म्हणाल्या. पुन्हा त्यांनी मला काय देता, असं विचारलं नाही.

आज गार्गी सतरा वर्षांची आहे. वर्गातल्या मुलींपेक्षा चार बोटं कमी आहे, आणि त्यावर चिडते. पल्लवीचा मुलगा तिच्याहून उंच झालाय. जालिंदरांचं नाव त्या यादीत आलं नाही, पुढच्याही नाही; साहेबांनी पासवरची सही आपली होती असं कंपनीला स्वतः लिहून दिलं आणि पावसाळ्याआधी नलवडे कॉलनी सोडून गेले. घर सोडून जाईपर्यंत काकू माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

पण मला आठवते ती सोमवारची दुपार. आम्ही पुण्याहून परत आलो. जिना चढून वर आलो तर आमच्या दारासमोर ढीग होता. पांढऱ्या कापडाचा. उशांचे अभ्रे, परकर, पिठाची फडकी, कुणाच्या खिडकीचे पडदे, एक टोपडं. कुणी ठेवलं, कधी ठेवलं, काही नाही. सगळी दारं बंद. दोऱ्यांवर एक पांढरी चिंधीसुद्धा उरली नव्हती.

ते माझ्या तोंडावर फेकलं होतं, की माझ्याकडे सोपवलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नक्की सांगता येत नाही.

मी गार्गीला जालिंदरांकडे दिलं, त्यांना आत जाऊन दार लावायला सांगितलं, आणि नाकातोंडाला ओला पदर बांधून खाली बसले. ढिगाच्या अगदी वर चौकोनी घडी करून ठेवलेलं एक मोठं फडकं होतं. त्याला कुरडयांचा वाळलेला चुरा चिकटला होता आणि चारी कोपऱ्यांवर विटांचे तांबडे डाग होते.